अपस्मार : ओळख, ठाव आणि उपाय

आपल्या घराघरांत या आजाराला एक नाव नाही. कुणी त्याला फेफरे म्हणतो, कुणी मिरगी म्हणतो, कुणी आकडी म्हणतो. शिकलेली मंडळी ‘कधी कधी फिट येते’ एवढेच बोलून विषय बदलतात. वैद्यकाच्या ग्रंथांत त्याला अपस्मार हे नाव आहे. नावे इतकी असूनही ज्या घरात हा आजार असतो त्या घरात त्याचा उच्चार सहसा होत नाही. मुलीला झटके येतात हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून तिला शाळेतून काढले जाते, लग्न ठरवताना ती गोष्ट झाकली जाते, आणि लग्नानंतर सासरच्यांना गोळ्या दिसू नयेत म्हणून गोळ्याच बंद केल्या जातात. धर्मग्रामात वावरणाऱ्या आम्हां धर्मगुरूंच्या कानी अशा कथा येतात, पण त्या बहुधा फार उशिरा येतात.

मेंदूच्या कोणत्याही विकारापुढे वैद्याला तीन प्रश्न पडतात. हा विकार कोणता? तो नेमका कुठे आहे? आणि त्यावर उपाय काय? पोट हाताने चाचपता येते, छातीचे ठोके कानाने ऐकता येतात. मेंदू मात्र कवटीच्या आत बंद असतो. म्हणून मेंदूच्या विकारांत दुसरा प्रश्न सर्वांत कठीण ठरला आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत तिसऱ्याचेही उत्तर बराच काळ अंधारातच चाचपडत राहिले. अपस्माराच्या बाबतीत या तीन प्रश्नांची उत्तरे माणसाने कशी मिळवली याचा थोडक्यात इतिहास येथे सांगावयाचा आहे. ती उत्तरे मिळून कितीतरी वर्षे लोटली. आमच्या घरांतून मात्र पहिल्याच प्रश्नाशी, म्हणजे आजाराला आजार म्हणण्याशी, अजून अडखळणे चालू आहे. त्यासाठी हा इतिहास उजळण्याची गरज वाटते.

देवाचा कोप की देहाचा विकार?

प्राचीन बाबिलोनच्या वैद्यांनी मातीच्या विटांवर रोगांची लक्षणे कोरून ठेवली आहेत. त्यांत या झटक्यांचे वर्णन इतके बारकाईने केलेले आहे की आजचा डॉक्टरही ते वाचून आजार ओळखील. कारण मात्र त्यांनी एकच जाणले होते, ते म्हणजे भूतबाधा. झटक्याच्या प्रत्येक प्रकारामागे निरनिराळे भूत, असा त्यांचा हिशेब होता.

ग्रीक लोक या आजाराला ‘पवित्र आजार’ म्हणत, कारण तो देव धाडतो अशी त्यांची समजूत होती. या समजुतीला पहिला जोरदार धक्का इसवी सनापूर्वी सुमारे ४०० या काळात बसला. हिपॉक्रेटीस या वैद्याच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात ‘पवित्र आजार’ या विषयावर एक छोटे प्रकरण आहे. इतर आजारांहून हा आजार मुळीच अधिक दैवी नाही, असे त्याचा लेखक ठणकावून सांगतो. ज्यांना त्याचे कारण व औषध ठाऊक नव्हते त्या मांत्रिकांनी आपले अज्ञान झाकण्यासाठी त्याला देवाचे नाव दिले, असे त्याचे म्हणणे आहे. आजाराचे मूळ मेंदूत आहे असे तो निःसंशय सांगतो आणि पुरावा म्हणून याच आजाराने पछाडलेल्या शेळ्यांचे डोके उघडून पाहण्यास सुचवतो. मेंदूत कफ साचून हवेचा मार्ग अडतो, ही त्याची उपपत्ती चुकीची होती. पण त्याने बोट ठेवले ते योग्य अवयवावर.

त्याच प्रकरणात त्याने केलेले आणखी एक निरीक्षण आम्हांला फार मोलाचे वाटते. झटका येणार याची चाहूल लागताच मोठी माणसे लोकांपासून दूर पळतात आणि तोंड झाकून घेतात. ती देवाच्या भयाने नव्हे, तर लाजेने, असे तो लिहितो. लहान मुलांना ही लाज अजून शिकवलेली नसते. ती घाबरून आईकडे धावतात. म्हणजे चोवीसशे वर्षांपूर्वीच या आजाराला लाज जडलेली होती, आणि ती जन्मजात नसून शिकवलेली आहे हेही एका वैद्याच्या ध्यानात आले होते.

आपल्या देशातील वैद्यांनीही या आजाराकडे विकार म्हणूनच पाहिले होते. ‘स्मर’ म्हणजे स्मृती. ती नाहीशी होते तो अपस्मार. चरकसंहितेत निदानस्थान व चिकित्सास्थान या दोन्ही भागांत अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहे. वात, पित्त, कफ आणि तिन्हींचा एकत्र प्रकोप, असे त्याचे चार प्रकार तेथे सांगितले आहेत व प्रत्येकासाठी औषधयोजना दिली आहे. दुसरीकडे शिल्पकाराच्या हाती हेच नाव एका ठेंगू असुराला मिळाले आणि नटराजाच्या पायाखाली तो कायमचा चिरडला गेला. एकाच भूमीत वैद्याचा अपस्मार वेगळा आणि लोकमानसातला वेगळा होता.

रोमन लोकांचा व्यवहार तर विचित्रच होता. सभा चालू असता कुणाला झटका आला तर तो अपशकुन मानून सभा बरखास्त करीत. म्हणून या आजाराला ‘सभेचा आजार’ असे नाव पडले. आखाड्यात नुकत्याच मारल्या गेलेल्या मल्लाचे ऊन रक्त प्याले की हा आजार बरा होतो, या समजुतीची नोंद प्लिनी व सेल्सस या दोघांनी करून ठेवली आहे. उपाय काय या प्रश्नाचे उत्तर, ठाव न कळता, माणसे कोणत्या थराला जाऊन शोधतात याचे हे उदाहरण होय.

शुभवर्तमानातील बाप आणि मुलगा

आमच्या वाचकांच्या मनात येथे एक प्रश्न सहज येईल. संत मार्क, संत मत्तय व संत लूक या तिघांनीही अशाच एका मुलाची हकीकत दिली आहे. संत मार्कच्या नवव्या अध्यायातील वर्णन सर्वांत तपशीलवार आहे. मुलगा जमिनीवर पडतो, तोंडाला फेस आणतो, दात खातो आणि ताठ होतो. कितीदा तो विस्तवात पडला आहे, कितीदा पाण्यात. संत मत्तयने या मुलासाठी जो ग्रीक शब्द वापरला आहे त्याचा संबंध चंद्राशी आहे, कारण चंद्राच्या कलांप्रमाणे झटके येतात असा त्या काळी समज होता. तिघेही शुभवर्तमानकार त्या मुलाला लागलेल्या अपवित्र आत्म्याविषयी बोलतात. ती त्यांच्या काळाची भाषा होती. बाबिलोनपासून पॅलेस्टाइनपर्यंत हा आजार सांगायला दुसरी भाषा लोकांपाशी नव्हती.

तिसऱ्या शतकातील ओरिजेन या विद्वानाने आपल्या भाष्यात वैद्यांच्या नैसर्गिक कारणांपेक्षा अपवित्र आत्म्याचीच बाजू घेतली आणि पुढे शतकानुशतके अनेकांनी त्याचीच री ओढली. पण त्या हकीकतीत दुसरेही काही आहे आणि तिकडे आमचे लक्ष कमी जाते. येशू त्या बापाला विचारतो की हे याला किती काळापासून होत आहे. बाप सांगतो की बालपणापासून. आजही झटक्याचा रुग्ण समोर आला म्हणजे जाणता डॉक्टर यंत्राकडे वळण्याआधी नातेवाइकांना हेच विचारतो. झटका केव्हापासून येतो, कसा सुरू होतो, अगोदर काय होते, किती वेळ चालतो? रुग्णाला स्वतःला त्यातले बहुधा आठवत नाही. म्हणून या आजाराची ओळख पाहणाऱ्याच्या साक्षीवर अवलंबून असते. तो बाप गर्दीसमोर उभा राहून सगळे सांगतो. त्याने लाज धरून काही लपवले असते, तर हकीकत पुढे सरकलीच नसती.

मध्ययुगीन ख्रिस्ती समाजाने या रुग्णांना जसे भुताटकीच्या खाती टाकले, तसेच त्यांना आसराही दिला. जर्मन भाषिक प्रदेशात संत व्हॅलेंटाइन हे या रुग्णांचे आश्रयदाते संत मानले जात. आज त्यांचे नाव निराळ्याच कारणाने बाजारात गाजते. जर्मन भाषेत पडण्याच्या क्रियेशी त्यांच्या नावाचा उच्चार जुळतो, एवढ्यावरूनच ही भक्ती वाढली असावी. अल्सास प्रांतातील रूफाख येथील संत व्हॅलेंटाइनच्या मठापाशी पंधराव्या शतकाच्या अखेरीस या रुग्णांसाठी रुग्णालयही उभे राहिले. ओळख चुकली तरी दया चुकली नाही, असे त्या मठवासीयांविषयी म्हणावेसे वाटते.

अंगठ्यापासून मेंदूपर्यंत

ठाव शोधण्याच्या कामाला खरा वेग आला तो एकोणिसाव्या शतकात. १८५९ साली लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथे पक्षाघात व अपस्मार यांच्या रुग्णांसाठी खास रुग्णालय स्थापन झाले. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने एका मृत रुग्णाचा मेंदू तपासला. हा रुग्ण वर्षानुवर्षे ‘टॅन’ या एकाच अक्षरापलीकडे काही बोलू शकत नव्हता. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, कपाळामागील भागात, इजा आढळली. मेंदूच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळी कामे सोपवलेली आहेत, या विचाराला त्यामुळे बळ आले.

क्वीन स्क्वेअरच्या त्या रुग्णालयात १८६२ पासून जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन हे डॉक्टर काम करीत होते. त्यांच्यापाशी क्ष-किरण नव्हते, मेंदूचा आलेख नव्हता. होते फक्त डोळे आणि धीर. काही रुग्णांत झटका एका अंगठ्यापासून सुरू होतो, मग हात, मग दंड, मग चेहरा, अशा ठरावीक क्रमाने पुढे जातो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले. या क्रमाचा अर्थ त्यांनी लावला तो असा की मेंदूच्या बाहेरच्या करड्या थरात अंगठा, हात, चेहरा यांच्या हालचालींच्या जागा शेजारीशेजारी असल्या पाहिजेत आणि झटका म्हणजे त्या थरातील एखाद्या ठिकाणाहून अचानक, अतिरिक्त शक्ती बाहेर पडणे होय. झटका उजव्या हातात सुरू झाला तर दोष मेंदूच्या डाव्या बाजूला, डाव्या हातात तर उजव्या बाजूला. शरीराची हालचाल पाहून कवटीच्या आतील जागा सांगण्याची ही विद्या होती. जॅक्सन यांच्या पत्नी एलिझाबेथ १८७६ साली मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी होऊन वारल्या, आणि अखेरच्या दिवसांत त्यांना आले ते याच प्रकारचे झटके होते. ज्या आजाराचा ठाव पतीने शोधला, त्याच आजाराने पत्नीला गाठले.

जॅक्सन यांचा तर्क प्रयोगानेही सिद्ध झाला. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श व हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून ठरावीक अवयवांची हालचाल घडवून दाखवली. १८७३ पासून डेव्हिड फेरियर यांनी इंग्लंडमध्ये हे काम अधिक नेटाने पुढे नेले आणि मेंदूचा नकाशा आकार घेऊ लागला.

या नकाशाची कसोटी २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये लागली. पंचवीस वर्षांच्या एका स्कॉटिश शेतकऱ्याला झटके येत होते आणि त्याचा डावा हात लुळा पडत चालला होता. डॉ. बेनेट यांनी केवळ लक्षणांवरून मेंदूतील जागा सांगितली; शल्यवैद्य रिकमन गॉडली यांनी तेथेच कवटी उघडली आणि सांगितल्या जागी अक्रोडाएवढी गाठ सापडली. रुग्ण पुढे जंतुसंसर्गाने सुमारे चार आठवड्यांनी वारला. पण बाहेरून न दिसणाऱ्या गाठीचा ठाव लक्षणांवरून लागतो हे सिद्ध झाले. दीड वर्षाने, मे १८८६ मध्ये, व्हिक्टर हॉर्स्ली यांनी बालपणीच्या जखमेमुळे झटके येणाऱ्या बावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतील व्रण काढला. हा तरुण जगला आणि त्याचे झटके थांबले.

सगळेच झटके पाडणारे नसतात, हेही जॅक्सन यांनीच नीट दाखवले. त्यांचा एक रुग्ण स्वतः डॉक्टर होता. एकदा तो एका रुग्णाची छाती तपासत असता त्याला झटक्याची चाहूल लागली आणि तो बाजूला वळला. शुद्धीवर आला तेव्हा तो त्याच खोलीत मेजापाशी बसला होता. मधल्या वेळेत त्याने रुग्णाला तपासले होते, डाव्या फुफ्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया असल्याचे लिहून ठेवले होते आणि रुग्णाला झोपून राहण्यास सांगितले होते. त्यातले त्याला काहीही आठवत नव्हते. निदान मात्र बरोबर निघाले. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या कानशिलाजवळील भागात एक लहानसा दोष सापडला. क्षणभर शून्यात पाहणे, ओठ चाटत राहणे, नसलेला वास येणे, स्वप्नात असल्यासारखे वाटणे, हेही झटकेच असू शकतात. अशा माणसांना कित्येक घरांतून ‘बाहेरचे काही लागले आहे’ असे आजही म्हटले जाते.

पुढे जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विजेच्या लहरी टाळूवरून टिपल्या आणि १९२९ साली ते संशोधन प्रसिद्ध केले. गंमत अशी की ते शोधत होते एका मनाचा दुसऱ्या मनाशी होणारा संवाद. तरुणपणी घोड्यावरून पडून ते थोडक्यात बचावले त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीला त्यांच्याविषयी धास्ती वाटली होती. तो संवाद त्यांना सापडला नाही, पण मेंदूचा आलेख सापडला. १९३५ साली बॉस्टनच्या गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स यांनी दाखवले की ज्या मुलांना काही सेकंद नुसती तंद्री लागते त्यांच्या आलेखात सेकंदाला तीन या गतीने विशिष्ट लहरी उमटतात. वर्गात ‘लक्ष नाही’ म्हणून मार खाणारी काही मुले आजारी असतात, हे त्या दिवशी कागदावर उमटले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये सीटी स्कॅनच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू कवटी न उघडता पाहिला, आणि ठाव शोधण्याच्या कामाला नवे डोळे आले.

औषधाचा शोध

औषधाची कथा योगायोगांनी भरलेली आहे. मे १८५७ मध्ये लंडनच्या एका वैद्यकीय सभेत सर चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडने काही स्त्रियांचे झटके थांबल्याचे सांगितले. हा आजार कामवासनेशी निगडित आहे अशी तेव्हाची समजूत होती आणि ब्रोमाइडने वासना मंदावते, म्हणून त्यांनी ते दिले होते. कारण चुकीचे, पण गुण आला. मात्र या औषधाने रुग्ण सुस्त व मंद होई.

१९१२ साली जर्मनीतील आल्फ्रेट हाउप्टमान या तरुण डॉक्टरने झोपेचे नवे औषध फिनोबार्बिटल आपल्या रुग्णांना दिले. वॉर्डातील झटक्यांनी त्यांची स्वतःची झोप मोडत असे, असे सांगतात. औषधाने झटकेच कमी झाले. हे स्वस्त औषध आजही वापरात आहे. १९३८ साली बॉस्टनमध्ये मेरिट व पुटनम यांनी मांजरांवर पद्धतशीर प्रयोग करून फेनिटॉइन पुढे आणले. झोप न आणताही झटका रोखता येतो हे त्यातून कळले. त्यानंतर कार्बामॅझेपीन आले. व्हॅल्प्रोएट तर १९६० च्या दशकाच्या आरंभी इतर औषधे विरघळवण्याचे द्रावण म्हणून फ्रान्समध्ये वापरले जात होते; ज्यात ती विरघळवली ते द्रावणच औषध निघाले. पुढे आणखीही औषधे आली.

शस्त्रक्रियेची वाट माँट्रियल येथील वाइल्डर पेनफील्ड यांनी रुंद केली. १९३४ साली त्यांची संस्था उघडली. रुग्ण जागा असतानाच ते मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा सौम्य स्पर्श करीत आणि त्याला काय जाणवते ते विचारीत. त्यावरून कोणता भाग काढावा आणि कोणता राखावा हे ठरवीत. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. जेकब चांडी १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि भारतातील पहिला मेंदूशल्यचिकित्सा विभाग त्यांनी सुरू केला. १९९५ पासून तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत अपस्मारावरील शस्त्रक्रियेचे नियमित कार्य उभे राहिले.

भारतात या आजाराचे आणखी एक कारण आहे आणि ते आमच्या स्वयंपाकघराशी संबंधित आहे. १९३० च्या दशकात ब्रिटिश लष्करातील कर्नल मॅकआर्थर यांच्या ध्यानात आले की हिंदुस्थानातून परतलेल्या कित्येक सैनिकांच्या झटक्यांमागे डुकराच्या मांसातील पट्टकृमीची पिले मेंदूत जाऊन बसणे हे कारण आहे. कच्चे राहिलेले मांस खाल्ले तर आतड्यात कृमी वाढतो. मेंदूत पिले जातात ती मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि अंडी येतात कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांतून, न धुतलेल्या भाज्यांतून. म्हणून मांसाला कधी न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो. मांस पुरते शिजवणे, भाज्या स्वच्छ धुणे, शौचालयाचा वापर आणि जेवणापूर्वी हात धुणे, हे या अपस्मारावरचे सर्वांत स्वस्त औषध होय.

कायद्यातील कलंक

ओळख पटली, ठाव लागला, औषध मिळाले. तरी लाज गेली नाही. किंबहुना विसाव्या शतकात तिने कायद्याचा वेष घेतला. १४ जुलै १९३३ रोजी नाझी सरकारने केलेल्या सक्तीच्या नसबंदीच्या कायद्यात आनुवंशिक अपस्माराचा समावेश होता, आणि पुढे रुग्णांना ठार मारण्याच्या मोहिमेत अपस्माराचे रुग्णही बळी पडले. निरपराध माणसाच्या देहावर शासनाला असा अधिकार नाही, हे परमगुरू अकरावे पायस यांनी ‘कास्ती कोनुबी’ या परिपत्रात १९३० सालीच बजावले होते. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप फोन गालेन यांनी व्यासपीठावरून त्या हत्यांचा जाहीर निषेध केला. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील ते मानाचे पान आहे.

पण दुसरे पानही वाचले पाहिजे. १९१७ च्या धर्मसंहितेतील ९८४ व्या कलमात गुरुदीक्षेस अपात्र ठरणाऱ्यांच्या यादीत अपस्माराचे रुग्ण, वेडे आणि भूतबाधा झालेले या तिघांना एकाच ओळीत बसवले होते. आश्चर्य हे की त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी असाच एक तरुण धर्मगुरू झाला होता. जोव्हानी मारिया मास्ताई-फेरेत्ती यांना तरुणपणी झटके येत असत. त्यामुळे त्यांना पोपच्या मानाच्या रक्षकदलात प्रवेश मिळाला नव्हता. १८१९ साली विशेष सवलतीने त्यांना गुरुदीक्षा मिळाली, ती आरंभी मिस्साच्या वेळी दुसरा धर्मगुरू सोबत असावा या अटीवर. हेच पुढे १८४६ साली परमगुरू नववे पायस झाले. एकतीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी ख्रिस्तसभेची धुरा वाहिली, १८५४ साली निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धांत घोषित केला आणि पहिली व्हॅटिकन परिषद बोलावली. सन २००० मध्ये त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. १९८३ च्या नव्या धर्मसंहितेतील १०४१ व्या कलमातून अपस्माराचा उल्लेख गाळला गेला.

आपल्या देशातील कायद्यानेही असेच वळण घेतले. हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांत १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणारे वेडाचे किंवा अपस्माराचे झटके हा विवाहातील अडसर ठरवला होता; १९९९ च्या दुरुस्तीने त्यातून अपस्मार वगळला गेला. ख्रिस्तसभेच्या संहितेत तर विवाहासाठी हा आजार बाधा म्हणून नाही. म्हणजे आज झटके येणाऱ्या मुलीच्या लग्नाआड ना देशाचा कायदा येतो, ना धर्माचा. आड येतो तो फक्त आपला धाक.

आपल्या हाती काय आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि योग्य निदान व औषधोपचार मिळाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. कर्नाटकातील येळंदूर येथे डॉ. के. एस. मणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनोबार्बिटल व फेनिटॉइन यांसारखी जुनी, स्वस्त औषधे खेड्यांत नियमित पुरवून अर्ध्याहून अधिक रुग्णांचे झटके दीर्घकाळ थांबलेले पाहिले. महागड्या इस्पितळाविनाही पुष्कळ काही होते. गोळी मात्र रोज आणि वेळेवर घ्यावी लागते.

झटका आलेला दिसला तर काय करावे, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावे. रुग्णाच्या आसपासच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि झटके ओसरताच त्याला कुशीवर वळवावे. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. कांदा, चप्पल वा लोखंडी किल्ली हुंगवण्याने काहीही होत नाही. झटका आपला आपणच थांबतो आणि श्रेय किल्लीला मिळते. घड्याळ मात्र पाहावे. पाच मिनिटांहून अधिक वेळ झटका चालला, किंवा शुद्धीवर येण्यापूर्वीच दुसरा आला, तर विनाविलंब इस्पितळ गाठावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत; एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते. मुलगी लग्नाच्या वयाची झाली वा गरोदर राहण्याचा विचार असला तर आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण काही औषधे, विशेषतः व्हॅल्प्रोएट, गर्भाला अपायकारक ठरतात आणि ती वेळीच बदलता येतात. झटके आटोक्यात येईपर्यंत विहीर, तलाव, चूल आणि वाहन यांपासून जपावे. संत मार्कने सांगितलेला विस्तव व पाणी यांचा धोका अजून तोच आहे.

आणि प्रार्थना? ती अवश्य करावी. प्रार्थनेला येणाऱ्या रुग्णाला आम्ही कधी परत पाठवत नाही. पण प्रार्थना करा आणि गोळ्या टाकून द्या, असा सल्ला जो देतो तो त्या मुलाच्या बापाच्या श्रद्धेला जागत नाही. ज्या परमेश्वराने मेंदू निर्माण केला त्यानेच जॅक्सन यांना धीर दिला आणि चांडींना हात दिले, असे आम्ही मानतो. झटका आलेल्या मुलाच्या बाबतीत शुभवर्तमान शेवटी सांगते ते एवढेच की येशूने त्याचा हात धरून त्याला उठवले. लोकांना वाटत होते की मुलगा मेला. ज्या घरात असे मूल आहे त्या घराने त्याला लपवू नये. त्याचा हात धरावा, त्याला शाळेत पाठवावे, दवाखान्यात न्यावे, आणि सोयरीक ठरताना खरे ते आधीच, संकोच न धरता सांगावे. शेजाऱ्यांनी ते ऐकावे आणि तोंड फिरवू नये.